उसाचे बिल, दुधाचे बिल आणि विद्यार्थ्याचा खर्च

वाचकांचे प्रश्न

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी पैशांविषयीच्या आपल्या अडचणी मोकळेपणाने लिहून पाठवाव्यात, असे आवाहन गेल्या महिन्यात या सदरातून केले होते. आलेली बहुतेक पत्रे कोल्हापुरात खोली करून किंवा वसतिगृहात राहून शिकणाऱ्या मुला-मुलींची आहेत, आणि त्यांतील फारच थोड्या पत्रांत महाविद्यालयाच्या फीविषयी तक्रार आहे; अडचण आहे ती राहण्या-जेवण्याची आणि हातखर्चाची. खेड्यातल्या मुलाला शिक्षणापासून दूर ठेवणारी खरी अडचण शहरातल्या निवासाची आणि जेवणाची आहे, हे ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी 1901 पासून या शहरात एकामागून एक वसतिगृहे उभी केली. सव्वाशे वर्षांनंतरही पत्रांतला प्रश्न तोच आहे, म्हणून या वेळी सदराची सगळी जागा त्याला दिली आहे. नावे छापू नयेत अशी अनेकांची विनंती असल्याने केवळ तालुका आणि वर्ग दिला आहे.

प्रश्न : मी राधानगरी तालुक्यातील शेतकरी कुटुंबातला असून कोल्हापुरात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात शिकतो. राजारामपुरीत तीन मित्रांबरोबर खोली केली आहे. माझ्या वाट्याचे भाडे महिना 2,000 रुपये आणि खानावळीचे 3,000 रुपये होतात. जानेवारीच्या मध्याला उसाचे बिल जमा झाल्यावर वडिलांनी 36,000 रुपये एकदम माझ्या खात्यावर टाकले आणि ‘आता जूनअखेरपर्यंत यातच भागव’ असे सांगितले. आज मार्चचा मध्य आहे आणि खात्यात 6,000 रुपये उरले आहेत. जुना मोबाइल बिघडल्यामुळे 9,000 रुपयांचा नवा घेतला आणि 4,000 रुपये गोव्याच्या सहलीला गेले, एवढे आठवते. बाकीचे कोठे गेले ते कळत नाही. चहा-नाष्ट्यात आणि रंकाळ्यावर फिरण्यात मी पैसे उधळतो असे खोलीतले मित्र म्हणतात, आणि मलाही तसेच वाटू लागले आहे. वडिलांना सांगायचे धाडस होत नाही. मी काय करावे?

उत्तर : तुम्ही आकडे लिहून पाठवलेत, म्हणून आधी तेच मांडून पाहू. दोन महिन्यांत 30,000 रुपये गेले. त्यांतले 10,000 भाडे आणि खानावळीचे, 9,000 मोबाइलचे आणि 4,000 सहलीचे. उरले 7,000, म्हणजे साठ दिवसांत दिवसाला साधारण 117 रुपये. त्यात चहा, सकाळचा नाष्टा, मोबाइलचा रिचार्ज, झेरॉक्स, केएमटी बसचे भाडे आणि कधीतरी एखादी मिसळ एवढे सगळे आले. याला उधळपट्टी म्हणता येणार नाही.

आता जानेवारीतच हा हिशेब केला असता तर काय दिसले असते, ते पाहू. परीक्षा मेच्या मध्यापर्यंत आटोपतील आणि त्यानंतर तुम्ही गावी जाल, असे धरू. खानावळ चार महिन्यांची, म्हणजे 12,000 रुपये. खोली मात्र सुट्टीतही सोडता येत नाही, म्हणून साडेपाच महिन्यांचे भाडे 11,000 रुपये. हे 23,000 वजा जाता हातात 13,000 उरतात आणि ते कोल्हापुरातल्या 120 दिवसांवर वाटले तर दिवसाला 108 रुपये पडतात. तुमचा रोजचा खर्च 117 होता. फरक नऊ रुपयांचा! रोजच्या खर्चासाठी असलेले 13,000 रुपये मोबाइल आणि सहल या दोन निर्णयांत नेमके संपले आहेत. चहाला दोष देण्याची आपल्याकडे फार जुनी सवय आहे. घरातली मोठी माणसेही तेच करतात, आणि त्यामुळे मुले महिनाभर चहा सोडून स्वतःला शिक्षा करतात, पण पुढची मोठी खरेदी पुन्हा विचार न करता करतात. मोबाइल बिघडला होता, तो घेणे भागच होते, हे मला मान्य आहे. परंतु तो घेतला त्या दिवशी सहल रद्द करायला हवी होती किंवा वडिलांना त्याच आठवड्यात कळवायला हवे होते. चुकले ते एवढेच.

हे का चुकते, याचे कारण तुमच्या स्वभावात शोधण्यापेक्षा पैसे येण्याच्या रीतीत शोधावे, असे मला वाटते. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबात पैसा दोन वाटांनी येतो. ऊस कारखान्याला पोचल्यापासून चौदा दिवसांत त्याचे पैसे द्यावेत असे 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो; प्रत्यक्षात ते पुढे-मागे होतात, त्यातून विकास सोसायटीचे पीककर्ज वळते होते, आणि जे उरते ते वर्षातून एक-दोनदा एकगठ्ठा हाती पडते. दुधाचे बिल मात्र दर दहा दिवसांनी येते. तुमच्या घरी नीट पाहिलेत तर दिसेल की किराणा, औषधपाणी, लाइटबिल, पाहुणारावळा हे सगळे दुधाच्या बिलावर चालते आणि उसाच्या बिलाला त्यासाठी कोणी हात लावत नाही. ते पैसे कर्जासाठी, घराच्या कामासाठी, लग्नकार्यासाठी बाजूला राहतात. तुमच्या आईला ही विभागणी कोणी शिकवली नव्हती. तुम्हाला मात्र घरातून उसाच्या बिलासारखी एकगठ्ठा रक्कम मिळाली आणि तुमचा खर्च दुधाच्या बिलासारखा रोजचा आहे. जानेवारीत खात्यात 36,000 दिसत असताना गोव्याचे 4,000 किरकोळ वाटणारच.

म्हणून करायचे ते असे, की आलेल्या एकगठ्ठा रकमेचे तुम्ही स्वतःच दुधाचे बिल करायचे. दोन बचत खाती ठेवा. वडील पैसे टाकतात त्या खात्याला मोबाइलवरचे यूपीआय जोडू नका आणि त्याचे एटीएम कार्ड खिशात बाळगू नका. दुसरे खाते रोजच्या खर्चाचे; यूपीआय फक्त त्याला जोडा. किमान शिल्लक ठेवण्याची अट नसलेले मूलभूत बचत खाते प्रत्येक बँकेत मागता येते. मात्र असे खाते एका बँकेत एकच मिळते आणि ते घेतल्यावर त्या बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही, म्हणून ते वेगळ्या बँकेत काढावे. मग पहिल्या खात्यातून एक तारखेला भाडे आणि खानावळ थेट द्यावी, आणि एक, अकरा व एकवीस तारखेला 1,000 रुपये दुसऱ्या खात्यावर आपोआप वळते होतील अशी स्थायी सूचना बँकेला देऊन ठेवावी. दहा दिवसांचे पैसे सातव्या दिवशी संपले, तर उरलेले तीन दिवस ओढाताण होईल. ती तीन दिवसांची ओढाताण मार्चमध्ये समोर उभ्या राहिलेल्या तीन महिन्यांच्या ओढाताणीपेक्षा फार सोपी असते. रोजचा पै-पैचा हिशेब लिहिण्याचा आग्रह मी धरणार नाही, कारण बहुतेकांची ती वही पंधरा दिवसांत बंद पडते. पाचशे रुपयांवरची प्रत्येक खरेदी मात्र तारखेसह लिहावी. तेवढ्यानेच ‘कोठे गेले ते कळत नाही’ हे वाक्य तुमच्या पुढच्या पत्रात राहणार नाही.

आता समोरच्या अडचणीविषयी. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत खानावळीचे 6,000, जूनअखेरपर्यंत भाड्याचे 7,000 आणि दिवसाला शंभर धरून हातखर्चाचे 6,000, म्हणजे एकूण 19,000 लागतील. जवळ 6,000 आहेत, म्हणजे 13,000 कमी पडतात. दोन महिने हातखर्च दिवसाला साठ रुपयांवर आणता येईल. त्यातून 2,400 वाचतील. सुट्टीच्या दीड महिन्यासाठी तुमच्या कॉटवर दुसरा विद्यार्थी ठेवता येतो का, हे घरमालकांना आताच विचारा, कारण त्या काळात प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी येणारी मुले जागा शोधतच असतात; ते जमले तर आणखी 3,000 सुटतील. गावी जाता त्या दिवसांचे खाडे खानावळीत आधी सांगून वजा करून घ्या. उरते ती साधारण साडेसात हजारांची तूट, आणि ती वडिलांना सांगण्यावाचून मार्ग नाही. मात्र नुसते ‘पैसे संपले’ असे सांगू नका. वर मांडलेला हिशेब कागदावर लिहून घेऊन जा, आणि रक्कम एप्रिल व मे अशा दोन हप्त्यांत मागा. एप्रिलच्या शेवटी अचानक सांगितलेत तर वडिलांना ते पैसे कोणाकडून तरी उसने आणावे लागतील. आज सांगितलेत तर त्यांना सोय करायला अवधी मिळेल. शिवाय नव्या शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला तुमच्या महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजना आहे का, याची चौकशी करा. ही कल्पना ज्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी महाराष्ट्रात रुजवली, ते याच जिल्ह्यातल्या कुंभोजचे. शिवाजी विद्यापीठातही ही योजना चालते. ग्रंथालयात किंवा कार्यालयात काही तास काम करून मिळणाऱ्या पैशांतून निदान हातखर्च सुटतो आणि तासिका बुडत नाहीत.

प्रश्न : मी चंदगड तालुक्यातील मुलगी असून अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षात आहे. माझी शिष्यवृत्ती मंजूर झाल्याचा संदेश आला, पण पैसे माझ्या खात्यात जमा झालेले नाहीत. चौकशी केली तेव्हा मी आठवीत असताना गावच्या बँकेत काढलेल्या जुन्या खात्यात ते गेल्याचे समजले, आणि ते खाते बंद पडले आहे. पहिल्या सत्रात वसतिगृहासाठी वडिलांनी एका खासगी व्यक्तीकडून शेकडा पाच रुपये व्याजाने 40,000 रुपये घेतले आहेत. शिष्यवृत्ती मिळाली की लॅपटॉप घ्यावा, असे मला वाटते. आपले मत काय?

उत्तर : आधी खात्याविषयी. सरकारी योजनांचे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यापेक्षा आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात, हे अनेक विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. शिष्यवृत्तीच्या ‘महाडीबीटी’ या सरकारी संकेतस्थळावर अर्ज करताना नव्या बँकेचे पासबुक जोडले, तरी आधार जोडणी आठवीतल्या खात्यालाच राहिलेली असते. पैसे बुडालेले नाहीत. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर अज्ञान व्यक्तीच्या नावाने काढलेल्या खात्यावर नव्याने सही, फोटो आणि केवायसी द्यावी लागते, आणि दोन वर्षांहून अधिक काळ व्यवहार झाला नाही तर ते खाते निष्क्रिय गणले जाते. आधार, पॅन आणि दोन फोटो घेऊन त्या शाखेत स्वतः जा, अर्ज द्या आणि खाते पुन्हा सुरू करून घ्या. त्यासाठी शुल्क लागत नाही. मी बँकेत नोकरीला असताना जून-जुलैमध्ये अशा मुली वडिलांसोबत काउंटरपाशी ताटकळत उभ्या असलेल्या पाहिल्या आहेत, आणि त्यांतल्या काहींना एका कागदासाठी दोनदा परत पाठवल्याचे मला आजही वाईट वाटते; म्हणून निघण्यापूर्वी कोणते कागद लागतील हे फोन करून विचारून घ्या. त्यानंतर आधार जोडणी कोल्हापुरातल्या खात्याला करून घ्यायची की नाही, हे ठरवा आणि ती झाल्याची खात्री आधारच्या संकेतस्थळावर करून पाहा. पुढच्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरल्यावर तो महाविद्यालयाच्या लॉगिनला, म्हणजे त्यांच्या मंजुरीसाठी, अडकून पडला नाही ना, याकडेही लक्ष ठेवा. अर्ज भरला म्हणजे काम झाले असे मानून अनेक जणी मार्चपर्यंत थांबतात.

तुम्ही मुलगी आहात आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाला आहात, म्हणून आणखी एक गोष्ट तपासून पाहा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेतला असल्यास, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांची शंभर टक्के सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै 2024 मध्ये घेतला आहे. वसतिगृह आणि खानावळ यांचा खर्च मात्र त्यात येत नाही, आणि तुमच्या वडिलांना कर्ज काढावे लागले ते नेमके त्याच खर्चासाठी.

लॅपटॉपविषयी माझे मत स्पष्ट आहे : या वर्षी घेऊ नका. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच टक्के, वर्षाला साठ टक्के. चाळीस हजारांवर दरमहा दोन हजार रुपये केवळ व्याजापोटी जातात आणि मुद्दल तसेच राहते. शिष्यवृत्तीचा प्रत्येक रुपया आधी तिकडे गेला पाहिजे, आणि दिलेल्या प्रत्येक रकमेची तारीख घालून सही घेतली पाहिजे. सावकारीला परवाना लागतो आणि व्याजाच्या दरालाही मर्यादा आहे, असे 2014 चा महाराष्ट्र सावकारी नियमन अधिनियम सांगतो. परवाना नसलेल्या माणसाने तगादा लावला तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधक कार्यालयात तक्रार करता येते. पुढच्या वर्षीच्या खर्चासाठी मात्र बँकेच्या शैक्षणिक कर्जाचा अर्ज वेळेवर करा. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही, वसतिगृहाचा आणि लॅपटॉपचा खर्चही त्यात दाखवता येतो, आणि परतफेड सर्वसाधारणपणे अभ्यासक्रम संपल्यानंतर वर्षभराने सुरू होते. ‘कर्ज नको’ म्हणून बँकेकडे न जाणारे पालक खासगी माणसाकडे साठ टक्क्यांनी जातात, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की या एका बाबतीत तरी मुलींनी वडिलांना हट्टाने बँकेत घेऊन जावे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : मी पोलीस भरतीची तयारी करत पदवीचे शिक्षण घेतो. अभ्यासिकेत ओळख झालेल्या एकाने सांगितले, की माझे बँक खाते, एटीएम कार्ड आणि त्याला जोडलेले सिमकार्ड तीन महिने वापरायला दिले तर दरमहा 5,000 रुपये मिळतील. ‘कंपनीचा कर वाचवण्यासाठी’ ते हवे आहे म्हणे. माझे स्वतःचे पैसे त्यात नसल्याने तोटा काहीच नाही, असे वाटते. (करवीर तालुका)

उत्तर : देऊ नका, आणि त्या व्यक्तीशी पुन्हा बोलूही नका. ऑनलाइन फसवणुकीत लुबाडलेले पैसे काही मिनिटांत अशा भाड्याच्या खात्यांतून फिरवून काढून घेतले जातात. ज्याची फसवणूक झाली तो 1930 या क्रमांकावर तक्रार करतो, तेव्हा पैशांचा माग ज्या खात्यांतून जातो ती खाती गोठवली जातात आणि पोलीस आधी पोचतात ते खातेदाराच्या घरी. सूत्रधार त्या वेळी दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात असतो. खाते तुमच्या नावाचे, आधार तुमचे, सही तुमची. ‘मला माहीत नव्हते’ हे तुम्हालाच सिद्ध करावे लागते. तुम्ही तर भरतीची तयारी करत आहात. निवड झाल्यावर चारित्र्य पडताळणी होते, आणि पंधरा हजार रुपयांसाठी तिथे नाव आले तर मैदानावर घाम गाळलेली वर्षे वाया जातील. कार्ड किंवा सिम आधीच दिले असेल, तर आजच शाखेत जाऊन लेखी अर्जाने खात्यातले व्यवहार थांबवा, सिम बंद करा, त्या माणसाचे सगळे संदेश जपून ठेवा आणि सायबर पोलिसांकडे स्वतःहून जा. कोणी विचारायला येण्यापूर्वी तुम्ही गेलात, याला फार अर्थ असतो.

प्रश्न : वर्गातले काही जण शेअर बाजारात फ्युचर्स-ऑप्शन्स करून हातखर्च काढतात. मी शिष्यवृत्तीतून दहा हजार टाकू का? (शाहूवाडी तालुका)

उत्तर : नाही. फ्युचर्स-ऑप्शन्स म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर केलेले सौदे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी सुमारे 93 टक्के लोकांना तोटा झाला. वर्गात ज्यांना नफा झाला ते सांगतात. ज्यांनी फीचे पैसे घालवले ते गप्प बसतात.

प्रश्न : मी हातकणंगले तालुक्यातील असून कोल्हापुरात बी.कॉम. करते आणि संध्याकाळी एका औषधांच्या दुकानात काम करून महिना 8,000 रुपये मिळवते. दुकानात एका पतसंस्थेचे पिग्मी एजंट रोज येतात. मी रोज 100 रुपये भरते. आमच्या दहा मैत्रिणींची दरमहा हजार रुपयांची भिशीही आहे. बँकेत ठेवण्यापेक्षा हे चांगले, असे एजंट सांगतात. हे पैसे सुरक्षित आहेत का?

उत्तर : शिकता शिकता महिन्याला चार हजार रुपये बाजूला टाकणाऱ्या मुलीला बचतीविषयी उपदेश करण्याची गरज नाही, ते पैसे कोठे ठेवावेत, एवढाच प्रश्न आहे.

पिग्मीची पद्धत आपल्या भागात सगळीकडे रुजली आहे. तिची सुरुवात 1928 मध्ये कर्नाटकाच्या किनारपट्टीवर, पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेने केली, आणि त्या वेळी दिवसाला दोन आणेही भरता येत असत. रोज दारात येणारा माणूस हेच तिचे बळ. जे पैसे आपण स्वतः बँकेत नेऊन भरणार नाही, ते त्याच्या हातात सहज पडतात. मात्र पिग्मी कोणत्या संस्थेची, यावर सारे अवलंबून आहे. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंतची रक्कम मिळते. ही मर्यादा फेब्रुवारी 2020 पासून एक लाखावरून पाच लाख झाली आणि ती सहकारी बँकांनाही लागू आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना हे संरक्षण नाही. पतसंस्था आणि सहकारी बँक यांच्या पाट्या रस्त्यावरून सारख्याच दिसतात, म्हणून नाव पूर्ण वाचावे. चांगल्या चाललेल्या पतसंस्था आपल्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत आणि त्यांनी अडल्या-नडल्याला उभे केले आहे, हे मी नाकारत नाही. परंतु ज्या मुलीची पुढच्या वर्षाची फी त्या ठेवीवर अवलंबून आहे, तिने ती विमा नसलेल्या जागी ठेवू नये.

तेव्हा पिग्मी चालू ठेवायची असेल तर बँकेची घ्या, किंवा पतसंस्थेतली रक्कम दोन-तीन महिन्यांच्या बचतीपुरती ठेवून बाकीची दर तिमाहीला बँकेत मुदत ठेवीत टाका. एजंटाकडून रोजची पावती घ्या आणि महिन्यातून एकदा संस्थेत स्वतः जाऊन पुस्तक भरून आणा. एजंटाच्या मशीनवरचा आकडा आणि संस्थेच्या खात्यातला आकडा जुळतो का, ते पाहणे तुमचेच काम आहे. मुदतीपूर्वी पैसे काढले तर किती कापले जातात, हेही विचारा. अनेक ठिकाणी व्याज जाऊन वर काही टक्के वजावट होते. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत दरमहा 100 रुपयांपासून पैसे भरता येतात, पण तिची मुदत पाच वर्षांची असल्याने पदवीच्या मधल्या फीसाठी ती उपयोगाची नाही.

भिशीविषयी थोडक्यात. तुमची भिशी दहा महिन्यांची आहे. ज्या मैत्रिणीला पहिल्या महिन्यात दहा हजार मिळतात तिला तुम्ही सगळ्या मिळून बिनव्याजी कर्ज देता, आणि शेवटी पाळी येणारी नऊ महिने वाट पाहते. हातात लेखी काहीच नसते. तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेनंतर मैत्रिणी गावोगावी जातील, काहींची लग्ने ठरतील, आणि मागे राहिलेल्या दोन हप्त्यांसाठी कोणाच्या सासरी फोन करणे तुम्हाला जमणार नाही. चालू फेरी पूर्ण करा. नवी सुरू करू नका.

प्रश्न : मी इचलकरंजीची गृहिणी आहे. माझे पती यंत्रमागावर काम करतात आणि त्यांचा पगार आठवड्याला होतो. मुलगा यंदा कोल्हापुरात पहिल्या वर्षाला आहे. आम्ही जमेल तसे पाठवतो. कधी पाचशे, कधी दोन हजार. हिशेब विचारला की तो चिडतो आणि ‘माझ्यावर विश्वास नाही का’ असे म्हणतो. त्याला किती पैसे द्यावेत आणि हिशेब मागावा की नाही?

उत्तर : किती द्यावेत यापेक्षा कधी द्यावेत, हे आधी ठरवा. तुमच्या घरात पैसे आठवड्याने येतात आणि त्याची खानावळ महिन्याने द्यायची असते. कधी पाचशे, कधी दोन हजार आल्याने महिन्याच्या सुरुवातीला आपल्याजवळ किती येणार हे त्याला कळत नाही, आणि ज्याला येणारी रक्कम ठाऊक नाही त्याला खर्च आखता येत नाही. राधानगरीच्या विद्यार्थ्याला एकगठ्ठा रक्कम मिळाल्याने जे झाले, तेच तुमच्या मुलाचे तुकड्यातुकड्याने मिळाल्यामुळे होत असेल. खानावळीचे महिन्याचे पैसे चार आठवड्यांत विभागून दर आठवड्याच्या पगारातून तेवढी रक्कम तुमच्याच खात्यात बाजूला टाका आणि एक तारखेला खानावळ थेट चुकती करा. हातखर्चाची ठरलेली रक्कम मात्र दर आठवड्याला एकाच वारी पाठवा. ती थोडी कमी असली तरी चालेल. ती चुकू नये. दोघांना झेपेल असा आकडा त्याच्याशी बोलून ठरवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा पाहा.

हिशेबाविषयी तुमचा मुलगा चिडतो ते मला समजते. अठरा वर्षांच्या मुलाला कोणत्या दिवशी किती वडे खाल्ले हे आईला सांगणे जड जाते, आणि त्याने ते सांगावे असे मलाही वाटत नाही. त्याला दोनच प्रश्न विचारा : खात्यात किती उरले आहेत, आणि कोणाचे देणे आहे का. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. मुले मोबाइलवरच्या कर्जाच्या ॲपमधून तीन-चार हजार घेतात, हप्ता चुकतो, मग धमक्यांचे फोन सुरू होतात, आणि भीतीपोटी ती घरी काहीच बोलत नाहीत. असे काही असेल तर रागावणार नाही, हे त्याला आधीच आणि स्पष्ट शब्दांत सांगा, आणि सांगितल्यावर खरोखरच रागावू नका. नोंदणीकृत कर्जदात्याला तुमच्या फोनमधील संपर्कयादी वापरण्याची परवानगी रिझर्व्ह बँकेच्या नियमांत नाही. नातेवाइकांना फोन करून बदनामी करणाऱ्याविरुद्ध 1930 वर आणि पोलिसांत तक्रार करता येते. तो पैसे देणे लागत असला तरी ही तक्रार करण्याचा त्याचा हक्क जात नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, तरी लिहिते. हिशेब मुलाकडून मागितला जातो, पण घराचा हिशेब मुलाला कोणी दाखवत नाही. त्याचे मन अभ्यासात राहावे म्हणून आई-वडील कर्ज, बचत गटाचा हप्ता, यंत्रमाग बंद राहिलेले दिवस हे सगळे लपवतात, आणि मग त्याला घरची परिस्थिती कळत नाही म्हणून त्याच्यावरच रागावतात. येत्या रविवारी तो घरी आला की चार आठवड्यांच्या पगाराचे आकडे, लाइटबिल आणि हप्त्याचे पुस्तक त्याच्यासमोर ठेवा आणि पुढच्या महिन्याचा खर्च त्यालाच लिहायला सांगा. त्याच्या स्वतःच्या हातखर्चाचा आकडा त्याने शेवटी लिहावा.